दर्शनबारीतली दुसरी रांग

घरात लग्नकार्य पार पडले की नव्या जोडप्याला घेऊन कुलदैवताला जाऊन येण्याची रीत महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत अजून टिकून आहे. कुणाची जेजुरी असते, कुणाचे तुळजापूर, तर कुणाचे दैवत कोकणात किंवा गोव्यात असते. पूर्वी या प्रवासाची आखणी एसटीच्या वेळा, मुक्कामाची धर्मशाळा आणि सोबतची शिदोरी यांभोवती होत असे. आता ती दर्शनाला किती वेळ लागेल या एकाच प्रश्नाभोवती होते, आणि घरातले कुणीतरी तरुण माणूस मोबाइलवर पाहून सांगते की माणशी २०० रुपयांचा पास काढला तर तासाभरात मोकळे होऊ. एवढ्यावर चर्चा संपते. सहा माणसांचे १,२०० रुपये हा लग्नाच्या एकूण खर्चात किरकोळ आकडा असतो, त्यामुळे ते द्यावेत की देऊ नयेत याचा विचार करावा असे कुणाला वाटतही नाही. माझे म्हणणे असे आहे की हा विचार व्हायला हवा, आणि तो एकेका कुटुंबाने करण्याआधी देवस्थानांच्या विश्वस्तांनी करायला हवा. देवाजवळ लवकर पोचण्याची वाट पैशाला विकणे देवस्थानांनी थांबवावे, आणि रांगेत कुणाला पुढे घ्यायचेच असेल तर ते केवळ शरीराची गरज पाहून घ्यावे.

सशुल्क दर्शन हा आता अपवाद राहिलेला नाही. शिर्डीत दर्शनाचे आणि आरतीचे पास आहेत, त्र्यंबकेश्वरला २०० रुपयांचे देणगी दर्शन आहे, तुळजापुरातही शुल्क भरून दर्शन घेता येते. मराठी माणूस आयुष्यात एकदा तरी ज्या तिरुपतीला जातो तिथे तर ३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन आणि श्रीवाणी न्यासाला १०,००० रुपये देणाऱ्यांसाठी त्याहून जवळचे दर्शन अशी उतरंडच लावलेली आहे. मंदिराबाहेरही हेच चित्र दिसते. लालबागच्या राजाला नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग अशा दोन रांगा सर्वांना ठाऊक असतात. तिसरी रांग, जिला नावही नाही आणि जिच्यात थांबावेही लागत नाही, ती दरवर्षी नामवंतांच्या छायाचित्रांतून आपल्याला दिसते. तिच्यावर समाजमाध्यमांत चार दिवस संताप व्यक्त होतो आणि अनंत चतुर्दशीला तोही विसर्जित होतो.

न्यायालयाने या प्रश्नात हात घालायला नकार दिला आहे. मंदिरांतील व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२५ रोजी फेटाळली. मंदिरात कुणाला विशेष वागणूक मिळू नये असे आपले मत असले, तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली तसे आदेश देता येणार नाहीत, हा निर्णय समाजाने आणि मंदिर व्यवस्थापनांनी घ्यायचा आहे, अशी खंडपीठाची भूमिका होती. मला ती योग्य वाटते. पण मग समाजाने तो निर्णय घेतला पाहिजे, आणि त्यासाठी आधी सशुल्क रांगेने प्रत्यक्षात काय घडते हे नीट समजून घेतले पाहिजे.

गाभाऱ्याचे दार एकच असते आणि मूर्तीसमोरून एका मिनिटात जाऊ शकणाऱ्या माणसांची संख्या ठरलेली असते. समजा, मिनिटाला ३० जण जातात; म्हणजे तासाला १,८०० जणांचे दर्शन होते. तुमच्यापुढे ९,००० माणसे उभी असतील तर तुमचा क्रमांक पाच तासांनी लागेल. आता त्याच तासाभरात ६०० पासधारक बाजूच्या दाराने आत सोडले, तर सर्वसाधारण रांगेच्या वाट्याला १,२०० जागा उरतात आणि तुमचे पाच तास साडेसात तासांचे होतात. पासाची रांग शेवटच्या टप्प्यात सर्वसाधारण रांगेला जिथे येऊन मिळते तिथे एक सुरक्षारक्षक उभा असतो, आणि तो हात आडवा करून किंवा दोरी ओढून कुणाला थांबवतो हे ज्याने पाहिले आहे त्याला या गणिताची गरजही नाही. पास काढणाऱ्याने वाचवलेला वेळ देवस्थानाने कुठून निर्माण केलेला नसतो. तो मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसांच्या वेळातून कापून दिलेला असतो. २०० रुपये मात्र त्या माणसांना मिळत नाहीत, ते देवस्थानाच्या खात्यात जातात. ज्याचे गेले त्याला काही मिळाले नाही आणि ज्याने विकले त्याचे ते नव्हतेच, असा हा व्यवहार आहे.

यावर पहिला प्रतिवाद वेळेचा असतो. नोकरदार माणसाला दोन दिवसांची सुट्टी मिळते, मुलांच्या शाळा असतात, परतीचे आरक्षण असते. त्याने रांगेत दिवस घालवावा अशी अपेक्षा करणे अव्यवहार्य आहे, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण वेळ फक्त नोकरदारालाच असतो असे त्यात गृहीत धरलेले आहे. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत जाणाऱ्यांचे लोंढे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना माहीत आहे की त्यांत हमाल असतात, विडी कामगार बाया असतात, रोजंदारीवरची पोरे असतात. त्यांची सुट्टी पगारी नसते. एक दिवस कामावर गेले नाही तर त्या दिवसाची मजुरी जाते, आणि रांग लांबली तर दुसऱ्या दिवसाचीही जाते. पंचेचाळीस किलोमीटर पायी तुडवून येणाऱ्या बाईला मागे थांबवून गाडीतून आलेल्याला पुढे सोडण्याचे समर्थन करायचे असेल तर ते वेळेच्या नावाने करू नये, कारण वेळेचा हिशेब लावायचा झाला तर तिचा वेळ अधिक महाग आहे.

दुसरे असे की रांगा आपोआप लांबलेल्या नाहीत. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता सुरू झाला, आणि दरम्यान फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई ते साईनगर शिर्डी वंदे भारत धावू लागली. विदर्भातल्या ज्या कुटुंबाला शिर्डीसाठी पूर्वी तीन दिवस काढावे लागत, ते आता शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री घरी येते. ही सोय चांगलीच आहे. मात्र सगळ्यांनाच ती एकदम मिळाल्याने सगळेच त्याच शनिवारी-रविवारी येतात, आणि रस्त्यावर वाचलेले तास मंदिराच्या आवारात खर्ची पडतात. प्रवास झटपट झाला म्हणून दर्शनही झटपट व्हावे ही अपेक्षा त्यातूनच जन्मली आहे, आणि सशुल्क रांग ही त्या अपेक्षेवर उभी राहिलेली विक्री आहे. पायी किंवा बैलगाडीने पंधरा दिवस चालून आलेल्या माणसाला शेवटचा एक दिवस बारीत उभे राहणे प्रवासाचाच भाग वाटे. पाच तासांत आलेल्याला पाच तासांची रांग अन्याय वाटते. यात कुणाच्या श्रद्धेला कमी लेखण्याचा हेतू नाही. आपली घाई कुठून आली एवढे ओळखावे, म्हणजे तिची किंमत दुसऱ्याने का चुकवायची हा प्रश्न आपोआप पडतो.

या सगळ्याला महाराष्ट्रात एक जुना संदर्भ आहे. देवाच्या किती जवळ कुणी जायचे, हा आपल्याकडे फार मोठ्या झगड्याचा विषय होता. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. हयातीत ज्यांना आत जाता आले नाही त्यांचे ते स्थान आजही दारातच आहे, आणि रोज हजारो माणसे तिथे डोके टेकवून मगच आत जातात. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले आणि स्वातंत्र्य मिळण्याच्या तीन महिने आधी ते दार उघडले. शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला व्हायला एप्रिल २०१६ उजाडावे लागले. जातीच्या नावाने माणसाला उंबरठ्याबाहेर ठेवणे आणि पैशाअभावी त्याला चार तास जास्त उभे करणे या गोष्टी सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे ज्यांनी ते अपमान सोसले त्यांच्यावर अन्याय होईल. पण एवढे झगडे करून ज्या समाजाने हे ठरवले की देवापुढे जाण्याचा हक्क जन्मावर अवलंबून नाही, त्याने तो हक्क पाकिटावर अवलंबून ठेवायला इतक्या सहज संमती द्यावी, आणि तीही कुठल्या वादाशिवाय, याचे मला आश्चर्य वाटते.

पंढरपूरचाच आणखी एक अध्याय इथे लक्षात घेण्यासारखा आहे. विठ्ठल-रुक्मिणी मंदिरावर बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क होते. यात्रेकरूंकडून दक्षिणेसाठी होणारी अडवणूक, पैसे देईल त्याला पुढे नेणे, गरिबाला ढकलणे, यांच्याविरुद्धच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. शेवटी १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे कायदा झाला, त्यावर चार दशके न्यायालयीन लढाई चालली, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या हक्कांवर कायमचा पडदा टाकला. खाजगी हातांतून मंदिर काढून सार्वजनिक समितीकडे देण्यामागे जी अनेक कारणे होती त्यांतले मोठे कारण हे होते की देवाजवळ जाण्याची किंमत कुणी वसूल करू नये. आज राज्यातली अनेक मोठी देवस्थाने कायद्याने स्थापन झालेल्या समित्यांच्या आणि न्यासांच्या हाती आहेत, त्यांचे विश्वस्त सरकार नेमते, त्यांच्या हिशेबांची तपासणी होते. अशा संस्थांनी दरपत्रक लावून, पावती देऊन, संकेतस्थळावर आरक्षण ठेवून तीच किंमत वसूल करणे म्हणजे त्या सुधारणेचा उद्देश गुंडाळून ठेवणे आहे. पावती मिळते हा फरक मोठा आहे, मान्य. पण तो हिशेबनीसासाठी मोठा आहे, रांगेत मागे उभ्या असलेल्यासाठी नाही.

देवस्थानांकडून येणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद उत्पन्नाचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. शिर्डी संस्थान रुग्णालये चालवते, प्रसादालयात रोज हजारो लोकांचे जेवण होते. सिद्धिविनायक न्यास गरजू रुग्णांना मदत देतो. शेगावच्या संस्थानाने शिक्षणसंस्था उभ्या केल्या आहेत. हे पैशाशिवाय होत नाही. पण हा पैसा प्रामुख्याने पासातून येत नाही. मोठ्या देवस्थानांचा आधार दानपेटी, स्वेच्छेने दिलेल्या देणग्या, सोने-चांदी आणि ठेवींवरचे व्याज हा असतो. पास बंद केले म्हणून दान बंद होईल असे मानणे हा भाविकांविषयीचा अविश्वास आहे. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरसाठी लाखो रुपये देणारा माणूसही पंगतीत जमिनीवरच बसतो आणि त्याला वाढपही रांगेतल्या क्रमानेच होते. त्यामुळे त्याचा हात आखडल्याचे कुणी ऐकलेले नाही. देवस्थानाने अभिषेकाचे शुल्क घ्यावे, भक्तनिवासातल्या खोल्यांचे भाडे घ्यावे, लाडू विकावेत, त्याने दुसऱ्या कुणाचे काही कमी होत नाही. पासाने मात्र होते. आणि एक गोष्ट ओघात सांगायला हवी : ज्यांना खरोखर पैशाची निकड आहे, ज्यांच्या सभामंडपाचे कौल गळते आणि पुजाऱ्याला महिन्याकाठी चार पैसे मिळत नाहीत, अशा हजारो गावदेवळांपुढे रांगच नसते, त्यामुळे त्यांना विकायला पासही नसतात. पास तिथेच विकले जातात जिथे पैसा आधीच भरपूर आहे.

तरीही या सगळ्याहून मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच कारण आहे. सशुल्क रांग सुरू झाली की सर्वसाधारण रांगेतून अशी माणसे निघून जातात ज्यांच्या तक्रारीची कुणी दखल घेतली असती. अधिकारी, डॉक्टर, वकील, पत्रकार, प्राध्यापक, शहरातले नगरसेवक, परदेशातून सुट्टीवर आलेले आपले नातेवाईक, हे सगळे बाजूच्या दाराने जाऊ लागतात. मुख्य रांगेत पंखे बंद आहेत, पाण्याच्या टाकीपाशी चिखल झाला आहे, बायकांसाठी स्वच्छतागृह तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे जायचे तर जागा सोडावी लागते, लहान मुलाला पाजायला आडोसा नाही, या गोष्टी मग त्यांना दिसतही नाहीत. ज्यांना दिसतात त्यांचे शब्द विश्वस्तांच्या बैठकीपर्यंत पोचत नाहीत. नगरपालिकेच्या शाळांचे आपण हेच केले : सुस्थितीतल्या पालकांनी मुले काढून घेतली, त्यानंतर शाळेचे छत गळले तरी विचारणारा कुणी उरला नाही, आणि मग शाळा वाईट म्हणून उरलेल्यांनीही पाठ फिरवली. दर्शनरांगेत एक फरक असा की तिथून उरलेल्यांना पाठ फिरवता येत नाही, कारण त्यांना त्याच देवाला भेटायचे असते. इतकेच नव्हे, तर मुख्य रांग जितकी त्रासाची तितका पास अधिक खपतो, हे अर्थकारण एकदा रुजले की रांग सुधारण्यात देवस्थानाचा तोटाच असतो. कुणी मुद्दाम रांग वाईट ठेवते असा माझा आरोप नाही. पण ती चांगली करण्याची घाई कुणाला राहत नाही, एवढे नक्की.

याच्या उलट बाजूची एक चूक आपल्यातले भाविक लेखक आणि कीर्तनकार करतात, तीही नोंदवली पाहिजे. रांगेतले हाल म्हणजे तपश्चर्या, ताटकळण्यातच भक्ती, असे सांगून ते गैरव्यवस्थेला पावित्र्य देतात. आषाढीला पंढरपूरची दर्शनबारी गोपाळपूरच्याही पुढे जाते आणि माणसे रात्र उलटून दिवस येईपर्यंत उभी असतात. त्या बारीत अनोळखी माणसे एकमेकांची जागा धरतात, कुणाच्या पिशवीतली भाकरी-ठेचा चौघांत वाटला जातो, एखादी आजी दमली की तिला बसायला सतरंजी पुढे सरकते, कुणी अभंग धरला की मागची पन्नास माणसे साथ देतात. हे सारे खरे आहे आणि आपल्या सामाजिक जीवनातली ती मोलाची गोष्ट आहे. पण गुडघ्यांचे दुखणे आणि लघवी दाबून धरणे यांत मोलाचे काहीच नाही. शिर्डीत ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या नव्या दर्शनरांग संकुलात बसण्याची, सावलीची आणि पाण्याची सोय आहे, ती सर्वसाधारण भाविकासाठी आहे, आणि पैसा खर्च करायची दिशा हीच आहे. शेगावला सेवेकऱ्यांच्या मदतीने इतकी शांत, स्वच्छ रांग चालते की तिथे जाऊन आलेला माणूस दर्शनाआधी तिथल्या शिस्तीबद्दलच बोलतो. चांगली रांग अशक्य नसते हे सांगायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

परंपरेने गर्दीच्या प्रश्नाला दिलेले उत्तरही पासाच्या नेमके उलटे होते. आषाढीला पंढरपुरात दहा लाखांहून अधिक माणसे येतात आणि मिनिटाला ३० जण धरले तर चोवीस तासांत जेमतेम ४३,००० लोकांचे पदस्पर्श दर्शन होऊ शकते. म्हणजे बहुसंख्य वारकऱ्यांना पायांवर डोके ठेवायला मिळणार नाही हे गणिताने आधीच ठरलेले असते. यावर वारकऱ्यांनी जवळीक महाग केली नाही, तिची मक्तेदारीच मोडून काढली. चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीला नमस्कार आणि कळसाचे दर्शन, एवढे झाले की वारी पोचली असे मानणारे लाखो लोक आहेत. गाभाऱ्यात गेलो नाही म्हणून त्यांना वारी अपुरी वाटत नाही. वाटेत ते एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वय पाहत नाहीत आणि जातही. जवळचे दर्शन हेच खरे दर्शन आणि दुरून झाले ते दुय्यम, ही समजूत पास विकण्यासाठी सोयीची आहे. वारकरी परंपरेत तिला फारसा आधार नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न खरा आहे आणि तो वेगळा सोडवला पाहिजे. आमच्या घरातही देवदर्शनाचा विषय निघाला की पहिली चर्चा आईच्या गुडघ्यांवर येते, आणि पास काढण्याच्या बाजूने मी ऐकलेले एकमेव पटणारे कारण तेच आहे. पण त्यावरचा उपाय पैसे घेणे हा नाही, कारण गुडघे गरिबांचेही दुखतात. ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, गरोदर स्त्रिया, तान्ह्या बाळाच्या आया आणि आजारी माणसे यांना सोबतीच्या एका माणसासह विनाशुल्क पुढे सोडावे. सोबत एकच माणूस असावा, हे मुद्दाम सांगायला हवे. कारण एका व्हीलचेअरला सहा धडधाकट नातेवाइकांचे हात लागलेले आहेत आणि सगळे मिळून आजींच्या पुण्याईवर आत शिरत आहेत, असे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

एक अवघड प्रतिवाद उरतो. देवस्थानातले जाणकार सांगतात की अधिकृत पास नव्हते तेव्हाही पैसेवाले आणि वजनदार लोक पुढे जातच होते. फक्त पैसे दलालाच्या खिशात जात होते आणि आमदारांच्या चिठ्ठ्या चालत होत्या. पासाने निदान तो व्यवहार उजेडात आणला. रांगेत घुसवण्यासाठी पैसे घेतल्याच्या बातम्या अजूनही अधूनमधून येतात, तेव्हा हे म्हणणे खोटे नाही. पण चोरी थांबवता येत नाही म्हणून तिच्यावर शिक्का मारून ती आपणच सुरू करणे हा उपाय नव्हे. चिठ्ठ्यांचा बंदोबस्त करायचा असेल तर राजशिष्टाचार म्हणून कुणाकुणाला, कुणाच्या शिफारशीवरून, किती वाजता आत सोडले याची यादी देवस्थानाने रोज संध्याकाळी फलकावर लावावी. नावे लागायला लागली की शिफारस करणाऱ्यांचा उत्साह किती टिकतो ते दिसेल. ज्यांच्या सुरक्षेसाठी खरोखरच रांग थांबवावी लागते अशी माणसे राज्यात मोजकी आहेत. त्यांच्यासाठी गर्दी नसलेली वेळ ठरवून देता येते.

गर्दी वाटून घेण्यासाठी वेळेचे टोकन हा मार्ग आहे, फक्त ते सर्वांना सारखे आणि विनामूल्य मिळाले पाहिजे. टोकन हाती असले की माणूस तेवढा वेळ घाटावर बसेल, बाजारात फिरेल, चहा पिईल, मुलांना झोपवेल. त्याचा दिवस लोखंडी कठड्यांच्या जाळीत जाणार नाही. ही व्यवस्था मोबाइलवरच ठेवली तर ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी ती नवा उंबरठा ठरेल, म्हणून एसटी स्थानकांवर, रेल्वे स्थानकावर आणि दिंड्यांच्या मुक्कामी टोकन मिळायला हवे. टोकन वाटपही निष्काळजीपणे केले तर जीवघेणे ठरते. तिरुपतीत ८ जानेवारी २०२५ रोजी वैकुंठद्वार दर्शनाच्या टोकनसाठी उसळलेल्या गर्दीत सहा जण चेंगरून मेले. ठरावीक खिडक्यांवर, ठरावीक वेळी सगळ्यांना बोलावले की काय होते याचा तो धडा आहे.

हे सारे अव्यवहार्य आहे असे म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगता येतील. पंढरपुरात अलीकडच्या वर्षांत मंदिर समितीने आषाढी यात्रेच्या काळात व्हीआयपी दर्शन बंद ठेवल्याचे जाहीर केले आहे. सर्वाधिक गर्दीच्या दिवसांत जे जमते ते एरवीच्या मंगळवारी का जमू नये, याचे उत्तर कुणी दिलेले नाही. आणि त्याच पंढरपुरात आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री शासकीय महापूजेला बसतात तेव्हा त्यांच्या शेजारी रांगेतून निवडलेले एक वारकरी जोडपे बसते. तासन्‌तास बारीत उभे राहिलेल्या त्या नवरा-बायकोला मानाचे वारकरी म्हणतात आणि एसटी महामंडळ त्यांना वर्षभराचा मोफत प्रवासाचा पास देते. राज्याच्या प्रमुखाच्या बरोबरीने बसण्याचा अधिकार त्यांना देणगीने मिळालेला नसतो, घराण्यानेही नाही. ते रांगेत होते, एवढ्या एका कारणाने तो मिळतो. शासनाने स्वतःच्या सर्वांत महत्त्वाच्या धार्मिक समारंभात मान्य केलेले हे तत्त्व त्याच शासनाने नेमलेल्या विश्वस्तांना उरलेले ३६४ दिवस लागू करायला सांगणे फार मोठी मागणी नाही.

मागणी करायची वेळही हीच आहे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. ऑगस्ट २००३ च्या सिंहस्थात नाशकात चेंगराचेंगरी होऊन ३९ जण दगावले होते, आणि त्यानंतर दीड वर्षातच, २५ जानेवारी २००५ रोजी, वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे ३०० माणसे गेली. प्रयागराजच्या महाकुंभात २९ जानेवारी २०२५ रोजी अधिकृत आकड्यानुसार ३० जणांचा बळी गेल्यानंतर उत्तर प्रदेश सरकारने व्हीआयपी पास रद्द केले आणि मेळ्याच्या क्षेत्रात वाहनांना बंदी घातली. जो निर्णय माणसे गेल्यावर एका रात्रीत घेता आला, तो आधी घेता येतोच. त्र्यंबकेश्वरचे गाव लहान आहे, रस्ते अरुंद आहेत आणि मंदिराचे आवार मर्यादित आहे. तिथे सिंहस्थाच्या वर्षात एका दाराला पैसेवाल्यांची, चिठ्ठीवाल्यांची आणि उरलेल्यांची अशा तीन रांगा येऊन भिडल्या तर काय होईल, याचा विचार कुंभमेळ्याच्या आराखड्यात पुलांच्या आणि घाटांच्या आधी व्हायला हवा. निदान सुरुवात म्हणून देवस्थानाने आजपासून रोज दोन आकडे दारावर लावावेत : त्या दिवशी किती पास विकले, आणि सर्वसाधारण रांगेतल्या शेवटच्या माणसाला दर्शनासाठी किती तास लागले. पहिला आकडा वाढला की दुसरा किती वाढतो हे भाविकांनाही पाहता येईल आणि विश्वस्तांनाही.